राजाला चेहरा कुणी दिला?

औंढ्याच्या नागनाथाचे दर्शन घ्यायचे तर खाली उतरावे लागते. गाभारा जमिनीच्या पोटात आहे. अरुंद पायऱ्या, जेमतेम एक माणूस जाईल एवढे तोंड, आणि खाली पोचल्यावर ताठ उभे राहायला जागा नाही. हत्तीवरून आलेला असो की अनवाणी चालत आलेला, इथे प्रत्येकाला पाठ वाकवूनच देवापुढे बसावे लागते. हिंगोलीहून पंचवीसेक किलोमीटरवर असलेल्या या देवळात मी जेव्हा जेव्हा जातो, तेव्हा त्या पायऱ्या उतरताना एकच विचार मनात येतो. ज्या राजांच्या राज्यात हे बांधले गेले, त्यांनाही असेच वाकून खाली यावे लागले असेल!

वर येऊन प्रदक्षिणा घालायला लागलो की डोळे भिंतीवरून हलत नाहीत. काळ्या दगडात देव आहेत, देवी आहेत, सुरसुंदरी आहेत, हत्ती आहेत, योद्धे आहेत. दगड घडवणाऱ्याने पैंजणाचा मणीसुद्धा विसरलेला नाही. हे मंदिर देवगिरीच्या यादवांच्या काळातले, तेराव्या शतकातले मानतात. पण मंदिराभोवती कितीही फेऱ्या मारल्या तरी अमुक एक मूर्ती म्हणजे यादव राजा, असे बोट दाखवून सांगता येत नाही. एवढा पसारा ज्यांच्या राज्यात उभा राहिला, त्या राजांचा चेहरा कुठे आहे?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. गुप्तांच्या सोन्याच्या नाण्यावर समुद्रगुप्त मांडीवर वीणा घेऊन बसलेला दिसतो. बेलूरच्या होयसळ मंदिरातल्या एका जाळीत राजदरबार कोरलेला आहे, आणि त्यातला राजा म्हणजे विष्णुवर्धन असे परंपरा सांगते. तिरुपतीच्या डोंगरावर कृष्णदेवरायाची धातूची मूर्ती दोन राण्यांसह हात जोडून आजही उभी आहे. महाराष्ट्रावर राज्य करणाऱ्या यादवांचे मात्र एकही चित्र आपल्या डोळ्यांसमोर येत नाही. सिंघण, कृष्ण, महादेव, रामचंद्र ही नावे शाळेत पाठ केलेली असतात, पण त्यांच्या मिशा कशा होत्या, नाक कसे होते, हे सांगता येत नाही.

आधी त्यांची नाणी पाहू. राजाचा चेहरा प्रजेच्या हातात पोचवायचे नाण्यासारखे दुसरे साधन नव्हते. यादवांचे सोन्याचे नाणे म्हणजे पद्मटंक. पावणेचार ग्रॅमच्या आसपास वजन, आणि आकार उथळ वाटीसारखा. सोन्याच्या चकतीच्या एकाच बाजूवर वेगवेगळे ठसे हातोडीने एकेक करून मारायचे, त्यामुळे चकती आत वाकायची. मधोमध कमळ. भोवती ‘श्री’, शंखासारखी चिन्हे आणि देवनागरीत राजाचे नाव. बस्स. जिथे इतर राजे स्वतःचे मुख ठेवत, तिथे यादवांनी फूल ठेवले. सातशे-आठशे वर्षांनीही ते अक्षर आपल्याला वाचता येते. अशा एखाद्या नाण्याचे छायाचित्र निवांत पाहा. आपल्या ओळखीच्या लिपीतले नाव त्या काळातून थेट समोर येते, तेव्हा अंगावर काटा उभा राहतो.

राजाचे चित्र नव्हते, म्हणून माणसाचे चित्रच नव्हते असे मात्र नाही. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत, मारुतीच्या पाराशी किंवा वेशीजवळ, वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई असते, बहुतेकदा गावाची गुरे वाचवताना झालेली. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्या वीराला वर घेऊन जाताना दिसतात. सर्वांत वर तोच वीर शिवलिंगापुढे बसलेला असतो, आणि शेंड्याला चंद्र-सूर्य असतात. म्हणजे हे आकाशात आहेत तोवर याची कीर्ती राहो. गुरांसाठी जीव दिलेल्या गावकऱ्याला दगडात जागा मिळाली. कमळाच्या नाण्यावरच्या राजाला मिळाली ती फक्त अक्षरांत.

आणि अक्षरांत त्याचे चित्र काढायला कवींनी काही कमी ठेवले नाही. यादव स्वतःला कृष्णाच्या यदुकुळातले म्हणवत, द्वारकेचे स्वामी असे बिरुद लावत आणि ध्वजावर गरुड मिरवत. त्यांच्या लेखांत राजा कधी शत्रुरूपी हत्तींवर झेपावणारा सिंह होतो, तर कधी पृथ्वीला वर काढणारा वराह. देवळाच्या भिंतीवर जो वराह दगडाचा, तोच ताम्रपटात शब्दांचा. ज्या राजाची मूर्ती कोरली गेली नाही, त्याला कवीने सरळ देवाच्या मूर्तीत बसवले.

यातला सर्वांत चकित करणारा पुरावा मराठवाड्यातच, गोदाकाठी सापडला. बीड जिल्ह्यात माजलगावजवळ पुरुषोत्तमपुरी नावाचे गाव आहे. तिथल्या ताम्रपटाचे साल शके १२३२, म्हणजे इ. स. १३१०. त्यात रामचंद्राच्या विजयांची रांगच्या रांग आहे, अगदी वाराणसी म्लेच्छांच्या हातून सोडवल्यापर्यंत. गादी कशी मिळवली तेही त्यात आहे. चुलतभाऊ आमणदेव देवगिरीवर असताना रामचंद्र नाटक-नाच करणाऱ्यांच्या ताफ्यातून किल्ल्यात शिरला आणि त्याने गड घेतला. दरबारी कवीला ही गोष्ट पराक्रमाची वाटली. महानुभाव पंथाच्या आठवणीत मात्र या गोष्टीला पुढचा एक काळा तुकडा जोडलेला आहे. त्या नाचगाण्यानंतर आमणदेवाचे डोळे काढले गेले. प्रसंग एकच, पण एकाने घुंगरांचा आवाज ऐकला आणि दुसऱ्याने किंकाळी.

आता त्याच १३१० सालाच्या आजूबाजूला पाहा. अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरी लुटली ती १२९६ मध्ये. त्याचा सेनापती मलिक काफूर याच्या स्वारीनंतर, १३०७-०८ च्या सुमारास, रामचंद्राला दिल्लीला नेण्यात आले. सुलतानाने त्याचा सन्मान केला, ‘रायरायान’ हा किताब देऊन परत पाठवले, आणि त्यानंतर तो दिल्लीचा मांडलिक म्हणून राज्य करत राहिला. फारसी इतिहासकारांनी रंगवलेला रामदेव, म्हणजे हाच रामचंद्र, असा आहे: हरलेला, नमलेला, पण दरबारात मानाने बसवलेला. ताम्रपटातला विजयी वराह आणि दिल्लीतला मांडलिक राय ही एकाच जिवंत माणसाची दोन चित्रे आहेत, तीही एकाच दशकातली. फिरिश्ता या इतिहासकाराने नंतर त्यात एक तिसरा रंग भरला. वेढ्याच्या वेळी गडावर चढवलेली पोती धान्याची म्हणून ठेवली होती. उघडली तर आत मीठ निघाले. खरे असो वा नसो, एका साम्राज्याचा शेवट सांगायला त्या मिठाच्या पोत्याइतकी बोलकी प्रतिमा मला दुसरी माहीत नाही.

याच राजाचे चौथे चित्र पंढरपुरात आहे, आणि मला ते सर्वांत प्रिय आहे. विठ्ठलमंदिरात शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या काळातला एक शिलालेख आहे. देवाला देणग्या देणाऱ्यांची ती यादी आहे. रामचंद्रदेवाचे नाव तिथे आहे ते रणांगणातला सिंह म्हणून नव्हे, तर विठ्ठलभक्तांमधला एक म्हणून. त्याचा मंत्री हेमाद्रीही त्या लेखात आहे. या दगडाला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. म्हणून तो चौऱ्यांशीचा लेख. पिढ्यान्‌पिढ्या भाविकांच्या पाठी त्या अक्षरांवरून फिरल्या आहेत. चक्रवर्ती म्हणवणाऱ्या राजाच्या नावाला शेतकऱ्याच्या पाठीचा घाम लागला. कुठल्याही शिल्पकाराला असे चित्र सुचले नसते.

हेमाद्रीची गोष्ट तर आणखी विलक्षण आहे. महादेव आणि रामचंद्र या दोन यादव राजांचा तो श्रीकरणाधिप, म्हणजे राजाच्या दफ्तराचा प्रमुख. ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा धर्मशास्त्राचा अवाढव्य ग्रंथ त्याच्या नावावर आहे, आणि त्यातल्या राजप्रशस्तीत यादवांची वंशावळ आहे. पण आपल्या आजीला या हेमाद्रीबद्दल, म्हणजे हेमाडपंतांबद्दल विचारा. ती सांगेल की ते वैद्य होते, लंकेला जाऊन त्यांनी बिभीषणाला बरे केले आणि बक्षीस म्हणून राक्षस मागून आणले. त्या राक्षसांनी एका रात्रीत देवळे बांधली. मोडी लिपीही त्यांनी लंकेहूनच आणली. याउलट महानुभाव परंपरेत हाच हेमाद्री चक्रधरस्वामींचा वैरी म्हणून येतो.

राक्षस का लागले, ते औंढ्याच्या भिंतीला हात लावला की समजते. प्रचंड शिळा, आणि सांध्यात चुना नाही. खाचेत खुंटी बसवून, वजनावर वजन तोलून रचलेले दगड. ज्याने असे बांधकाम होताना पाहिलेले नाही, त्याला ते माणसाचे काम वाटणार कसे? पाथरवटांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. मग त्यांच्या कौशल्याचे आश्चर्य लोकांनी राक्षसांच्या खाती जमा केले. या बांधणीची देवळे हेमाद्रीच्या आधीही होती. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे आहे. तरीही नाव पडले ते हेमाडपंतीच. इतकी वर्षे राज्य करणाऱ्या घराण्यातल्या एकाही राजाचे नाव देवळांना चिकटले नाही. चिकटले ते दफ्तर सांभाळणाऱ्या मंत्र्याचे.

आता हिंगोलीजवळच कयाधू नदीच्या काठी असलेल्या नर्सीला जाऊ. रामचंद्राला गादीवर यायला एक वर्ष उरले होते, तेव्हा, १२७० साली, शिंप्याच्या घरात नामदेवांचा जन्म झाला. हे गाव त्यांचे मानतात, आणि म्हणूनच त्याचे नाव नर्सी नामदेव. देवगिरीचा ऱ्हास, खिलजीची स्वारी, १३१८ मध्ये यादवांचा शेवट, १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दौलताबादला नेलेली राजधानी, १३४७ मध्ये उभी राहिलेली बहमनी सत्ता, हे सारे त्यांच्या ऐंशी वर्षांच्या आयुष्यात घडले. एका माणसाने इतके सिंहासन-बदल पाहिले, आणि त्या माणसाच्या गोष्टींत राजा कसा दिसतो ते पाहण्यासारखे आहे.

औंढ्याची गोष्ट आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. नामदेव देवळासमोर कीर्तन करत होते, पुजाऱ्यांनी त्यांना हुसकले, ते मागे जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे वळले. नागनाथाचे दार पश्चिमेला का, याचे उत्तर हिंगोलीत असेच देतात. हे देऊळ फिरल्याचे पद नामदेवांच्या नावाने गुरू ग्रंथसाहिबात आहे. त्या ग्रंथात त्यांची ६१ पदे आहेत, आणि म्हणूनच नर्सीला पंजाबातून माणसे येतात. देवळाचे नाव त्या पदात नाही. ते औंढ्याने प्रेमाने आपलेसे केले.

याच ग्रंथात नामदेवांचे दुसरे एक मोठे पद आहे, आणि त्यात एक सुलतान आहे. तो नामदेवांना बांधून आणतो आणि मेलेली गाय जिवंत करून दाखव, नाहीतर मान उडवतो, म्हणून धमकावतो. हत्ती अंगावर सोडतो. आई रडते, राम सोडून खुदा म्हण म्हणते, आणि नामदेव ऐकत नाहीत. इथवर गोष्ट ओळखीची वाटते. पण मध्येच एक असा क्षण येतो, की वाचणारा थबकतो. गावचे लोक सुलतानाला विनवतात, नाम्याच्या वजनाइतके सोने घ्या आणि त्याला सोडा. सुलतान नकार देतो. पैसा घेतला तर मी नरकात जाईन, दुनियेसाठी दीन सोडल्यासारखे होईल, म्हणतो. जिवावर उठलेल्या राजाच्या तोंडी कवीने हे वाक्य घातले आहे! ज्याने आपल्याला साखळदंड घातले, त्याचा इमान कवीने झाकून ठेवला नाही. शेवटी सात घटिका सरतात, विठ्ठल गरुडावरून येतो, गाय उठते, दूध देते, आणि सुलतान क्षमा मागतो. नामदेव त्याच्याकडे जहागीर मागत नाहीत. सचोटीने चाल, एवढेच सांगतात.

त्या पदात सुलतानाला नाव नाही. नाव लोकांनी दिले. कुणी तो दिल्लीचा म्हणाले, कुणी बेदरचा. आता बहमनींची राजधानी बिदरला गेली ती पंधराव्या शतकात, म्हणजे नामदेवांनंतर. पण मराठी संतकथांत ‘बेदरचा बादशहा’ हे एका माणसाचे नाव राहिलेच नाही. कान्होपात्रेला बोलावणे पाठवणारा तोच, आणि मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांवर रागावणारा तोही तोच. दुष्काळात दामाजींनी सरकारी कोठारे लोकांसाठी उघडली, तेव्हा विठ्ठल विठू महार होऊन बेदरला गेला आणि सारी रक्कम दरबारात मोजून आला. या कथेतली खरी नवलाई पुढे आहे. दामाजी भक्त, पण देवाचे ते रूप पाहायला मिळाले बादशहाला! पाहताच तो वेडा झाला, आणि पुन्हा भेट कशी होईल म्हणून तळमळू लागला. महिपतीने १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ लिहिला आणि अशा संतकथा घरोघर पोचल्या. लोकांच्या या चित्रकलेत राजा भयंकर असतो, पण तो बदलू शकतो. ताम्रपटातल्या राजाला ही मुभा कधीच नव्हती. तिथे तो आधीपासूनच पूर्ण होता.

पुन्हा औंढ्याला येऊ. देवळाकडे दुरून पाहिले की एक रेष दिसते. खाली काळाभोर दगड, आणि वर पांढरे शिखर. खालचे यादवकालीन, वरचे नंतरचे. औरंगजेबाची फौज देऊळ पाडायला आली, तेव्हा भुंग्यांनी तिला पळवून लावले, अशी कथा इथे सांगतात. शिखराच्या जीर्णोद्धाराचे श्रेय अहिल्याबाई होळकरांना देतात. आता अहिल्याबाईंचे चित्र डोळ्यांसमोर आणा. पांढरी साडी, डोक्यावर पदर, आणि तळहातावर शिवलिंग. सिंहासन नाही, तलवार नाही. त्यांच्या नाण्यांवरही मुख नव्हते, होते शिवलिंग आणि बेलाचे पान. यादवांच्या कमळानंतर पाचशे वर्षांनी पुन्हा तेच! राजा म्हणून आपण कसे दिसतो हे न सांगता, आपण कुणापुढे वाकतो ते नाण्यावर ठेवायचे.

म्हणून मला वाटते, या भूमीत राजाचा चेहरा राजाने कोरलाच नाही. तो प्रजेने काढला. जाड्याभरड्या रेषांनी, ओव्यांनी, कीर्तनांनी, आजीच्या तोंडच्या गोष्टींनी. त्यात सालांची गल्लत आहे, राजधान्यांची अदलाबदल आहे. पण सत्तेपुढे उभे राहिलेल्या माणसाला सत्ता कशी दिसली, हे ताम्रपटापेक्षा तिथे जास्त खरे सापडते. पंढरपूरच्या त्याच मंदिरात राजाचे नाव यादीत आहे आणि शिंप्याच्या मुलाचे नाव पायरीला आहे. नामदेवांनी भक्तांच्या पायांखालची जागा मागून घेतली, आणि आज महाद्वारात प्रत्येक जण त्या पायरीला आधी हात लावून कपाळाला लावतो.

वाचकहो, तुमच्या गावच्या पाराशी शेंदराने माखलेला एखादा जुना दगड असेल, तर त्याला ऑइलपेंट लावू देऊ नका. तो आधी नीट पाहा, त्याचे छायाचित्र काढा. आणि घरात कुणी वडीलधारे असेल, तर त्यांना बेदरच्या बादशहाची गोष्ट विचारा. ती जशी सांगतील तशी, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. आपल्या राजांची उरलेली चित्रे तिथेच आहेत.